आधी दहा पुस्तकांची यादी, मग ई-पुस्तकाचा भाव

माझी आत्या अकोल्याला जठारपेठेत राहते. शाळेतून निवृत्त झाली, मागच्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि छापील पुस्तकातली बारीक अक्षरं तिला नकोशी वाटू लागली. पुण्याच्या मुलाने फोनवरून तोडगा सांगितला, "किंडल घेऊन टाक, पुस्तकंही स्वस्तात पडतील." आत्याने निकाल माझ्यावर सोपवला, कारण मी अमरावती-अकोला अपडाऊन करणारी आणि एस.टी.त फोनवर पुस्तकं वाचणारी. मी तिला एका कादंबरीचे तीन दुकानांतले तीन भाव दाखवले. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "काहून गं, पुस्तक एक अन् भाव तीन? भाजीबजार हाये का हा?"

भाजीबाजारच आहे. फरक इतकाच, की इथे घेतलेली भाजी कुठल्या भांड्यात शिजेल हेही दुकानदारच ठरवतो. किंडलवरचं पुस्तक अमेझॉनच्या किंडल या यंत्रात किंवा त्याच्या अॅपमध्ये उघडतं. बुकगंगावरचं बुकगंगाच्या अॅपमध्ये. गूगल प्लेवरचं गूगलच्या अॅपमध्ये. प्रकाशकाने मुभा दिली असेल तर फाइल उतरवून घेता येते, पण ती बहुधा कुलूपबंद असते आणि किंडलमध्ये जात नाही. तेव्हा 'कितीला?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'कशावर वाचणार?' हा. तो न विचारता वीस रुपये वाचवले, तर ते पुस्तक भलत्याच कपाटात जाऊन बसतं आणि आपण त्याला विसरतो.

आत्याला मी एक काम लावलं. येत्या सहा महिन्यांत खरोखर वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं वहीत लिही. लोक नावाजतात म्हणून घ्यायची आहेत ती नकोत. दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर पानाचा फोटो आला. 'श्यामची आई', श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'सुदाम्याचे पोहे', 'ग्रामगीता', उद्धव शेळक्यांची 'धग', दोन अनुवाद, एक नवी मराठी कादंबरी, एक इंग्रजी रहस्यकथा आणि वऱ्हाडी बोलीतले दोन जुने कथासंग्रह. अशी यादी तुम्हीही करा. पुढे जे सांगते ते या यादीच्या आधाराने जास्त उपयोगी पडेल, कारण 'ई-पुस्तकं स्वस्त असतात का?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'ही दहा स्वस्त पडतील का?' याला आहे.

फुकट मिळतंय ते विकत घेऊ नका

यादीतली काही नावं भावाच्या रकान्यात जायच्या आधीच गळतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क (कॉपीराइट) राहतो. मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ही वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० संपताना त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क संपला. कोल्हटकर १९३४ साली गेले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला वकिली करत त्यांनी मराठी विनोदाचा पाया घातला, आणि त्यांचं लेखन तर केव्हाच सगळ्यांचं झालं आहे. यादीत नसलेल्या, १९१५ साली गेलेल्या गुलाबराव महाराजांच्या लेखनाचंही तसंच. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणून 'ग्रामगीते'वरचा हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. शेळके १९९२ साली गेले. 'धग' अजून पुष्कळ वर्षं विकत किंवा वाचनालयातूनच वाचायची.

हक्क संपलेलं पुस्तक कोणीही छापू आणि विकू शकतो. म्हणून अशा पुस्तकांच्या ई-आवृत्त्या दुकानात निरनिराळ्या नावांनी आणि किमतींनी दिसतात. त्या घेणं चूक नाही. कोणी नीट अक्षरजुळणी करून, मुद्रितं तपासून आवृत्ती काढली असेल तर पैसे जरूर द्यावेत. पण आधी मराठी विकिस्रोतावर बघा. तिथे पुस्तक असेल तर त्याची ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाच्या स्वरूपातली, फाइलसुद्धा उतरवता येते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान अनेक वर्षं हयात लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत देत आलं आहे. विश्वकोशाचे सगळे खंड घरबसल्या वाचता येतात.

इथे अमरावतीतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या मुलांना दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण फुकटचं विकत घेण्यात त्यांचा नंबर पहिला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागणारी बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये अधिकृतपणे मोफत आहेत. 'लोकराज्य'चे अंकही. हेच साहित्य 'नोट्स'च्या नावाखाली एकत्र बांधून ई-पुस्तक म्हणून विकलेलं मी पाहिलं आहे, आणि मुलं ते घेतात. शिवाय तुम्ही महाविद्यालयात शिकत असाल तर ग्रंथपालांना 'एन-लिस्ट'बद्दल विचारा. महाविद्यालयाने वर्गणी भरली असेल तर लाखाहून अधिक ई-पुस्तकं तुमच्या नावाने उघडतात. बहुतेक मुलं तीन वर्षांत एकदाही आपलं नाव तिथे नोंदवत नाहीत. एक मात्र खरं: ज्या मार्गदर्शकात पानं मागे-पुढे करत, पेन्सिलीने खुणा करत अभ्यास करायचा असतो, ते छापीलच घ्या. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि जुनी छापील प्रत निदान अर्ध्या किमतीत पुढच्या मुलाला देता येते.

टेलिग्रामवरून आलेली 'फुकट' पीडीएफ या हिशेबात धरायची नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची असते. त्यातून लेखकाच्या हाती काय येतं ते एखाद्या लेखकालाच विचारा.

भाव वाचायचा कसा

आता उरलेल्या पुस्तकांकडे. कागदावर चार रकाने आखा: पुस्तक, दुकान, भाव, कशावर उघडेल. सगळ्या दुकानांतले भाव एकाच बैठकीत टिपा आणि वर तारीख घाला, कारण हे भाव सणासुदीला आणि कधी कधी एका रात्रीतही बदलतात.

पहिला गोंधळ किंडलच्या अॅपमध्येच होतो. फोनवरच्या अॅपमध्ये पुस्तक दिसतं, नमुना उतरतो, पण विकत घ्यायचं बटण सापडत नाही. आत्याला वाटलं, फोन बिघडला. बिघडला नव्हता. गूगल आणि ॲपल आपल्या अॅप-दुकानातून होणाऱ्या विक्रीवर हिस्सा मागतात, म्हणून अँड्रॉइडच्या अॅपमधून अमेझॉनने २०२२ साली ई-पुस्तकांची विक्री काढून घेतली. आयफोनवर ती त्याआधीपासूनच नव्हती. फोनचा ब्राउझर उघडा, अमेझॉनच्या संकेतस्थळावर जा, किंडल आवृत्ती निवडा. तिथे भाव दिसतो आणि पैसेही भरता येतात. विकत घेतलेलं पुस्तक मग अॅपमध्ये आपोआप येतं.

दुसरी गंमत खोडलेल्या किमतीची. ई-पुस्तकाच्या भावावर बहुतेक वेळा छापील पुस्तकाची पूर्ण किंमत आडवी रेघ मारून दाखवतात आणि 'इतके टक्के बचत' असं खाली लिहितात. पण छापील पुस्तक पूर्ण किमतीला घेतंय कोण? प्रदर्शनात, ऑनलाइन, ओळखीच्या दुकानात काहीतरी सूट मिळतेच. समजा छापील किंमत ३०० रुपये, सूट वजा जाऊन २४०, टपालखर्च धरून २८०, आणि ई-पुस्तक २१०. म्हणजे बचत ९० नाही, ७० रुपयांची. आणि दुकानात जाऊन २४०ला घेतलं तर फक्त ३० रुपयांची. त्या ३० रुपयांत तुम्ही पुस्तक उसनं देण्याचा, भेट देण्याचा आणि रद्दीत का होईना पण विकण्याचा हक्क सोडता.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर आहे: २०१८ च्या जुलैअखेरपासून, ज्याची छापील आवृत्ती निघालेली आहे अशा ई-पुस्तकाला ५ टक्के, आणि जे फक्त ई-रूपातच आहे त्याला १८ टक्के. कागद नाही, शाई नाही, तरी कर कागदापेक्षा जास्त! हे मला कधी पटलेलं नाही. ई-पुस्तक वाटतं तेवढं स्वस्त का नसतं, याचं हे एक कारण.

इंग्रजी पुस्तकांमध्ये दुकानागणिक फार फरक पडत नाही. बडे प्रकाशक विक्रीची किंमत स्वतःच ठरवून देतात. ही पद्धत २०१० साली ॲपलने पुस्तकांचं दुकान काढलं तेव्हा रुळली. त्यावर २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपल आणि पाच प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. ॲपल हरलं, पण पद्धत राहिली. त्यामुळे रहस्यकथेसाठी पाच दुकानं धुंडाळण्यात अर्थ नाही. जिथे तुमची बाकीची पुस्तकं आहेत तिथेच घ्या आणि जमल्यास सवलतीची वाट बघा. मराठीत मात्र धुंडाळा. इथे प्रकाशक लहान, करार वेगवेगळे, आणि एखाद्या दुकानात पुस्तक असतं तर दुसऱ्यात नसतंच. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली ती २०१६ च्या डिसेंबरात. मराठी दिवाळी अंकांसाठी मी अजूनही आधी बुकगंगा बघते.

आणखी एक कारण असतं, ज्यामुळे पुस्तक एकाच दुकानात सापडतं. स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करणारा लेखक अमेझॉनच्या 'सिलेक्ट' योजनेत गेला, की निदान ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकायचं नाही, असा करार असतो. त्या बदल्यात ते 'किंडल अनलिमिटेड'च्या वर्गणीदारांना वाचायला मिळतं. अशा पुस्तकाची तुलना करायला दुसरा भावच नसतो.

तुमची मुलं अमेरिकेत असतील आणि घरात एकच खातं वापरत असाल तर सांभाळा. किंडलचा भाव खातं कुठल्या देशाच्या दुकानाला जोडलेलं आहे त्यावर ठरतो. मुलीच्या खात्यातून दिसणारा मराठी पुस्तकाचा डॉलरमधला भाव बघून उगाच घाबरू नका. आपलं भारतीय खातं उघडून पुन्हा बघा.

नमुन्यात 'शेतकऱ्याने' शोधा

मराठी ई-पुस्तक भावावरून निवडायचं नाही, नमुन्यावरून निवडायचं. सुरुवातीचा काही भाग मोफत वाचायला देतात तो उतरवा आणि दोन परीक्षा घ्या. एक, अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने जुळल्या तर पुस्तक नीट बनवलेलं आहे. नुसतंच पान फुगलं आणि ओळीचा शेवट पडद्याबाहेर गेला, तर ते छापील पानाचं छायाचित्र आहे. सहा-सात इंचांच्या पडद्यावर आत्यासारख्या वाचकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. दोन, 'शेतकऱ्याने', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असे शब्द शोधा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर घाईने युनिकोडमध्ये बदलला असेल तर पहिला बळी या अर्ध्या र-चा जातो. मी एकदा चाळीस रुपये वाचवण्याच्या नादात एक कथासंग्रह घेतला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत प्रत्येक 'शेतकऱ्या'चे दोन तुकडे झालेले वाचत बसले. चुकून किंवा असं सदोष पुस्तक घेतलं गेलं तर परताव्याचा अर्ज लगेच करा, आठवडा उलटू देऊ नका, आणि त्याआधी अख्खं वाचून काढू नका.

यंत्र घ्यायचं का?

आत्याच्या मुलाचा मुद्दा बचतीचा होता, म्हणून मी त्याला बचतीचाच हिशेब पाठवला. २०२५ च्या एप्रिलमध्ये नवा किंडल पेपरव्हाइट भारतात आला तो १६,९९९ रुपयांना. एका पुस्तकामागे ८० रुपये वाचतात असं धरलं, तर यंत्राचे पैसे वसूल व्हायला २१३ पुस्तकं लागतात. महिन्याला दोन वाचली तरी जवळजवळ नऊ वर्षं. तोवर बॅटरीने राम म्हटलेला असेल. तेव्हा बचतीसाठी यंत्र घेऊ नका.

डोळ्यांसाठी घ्या. त्याचा पडदा कागदासारखा असतो, उन्हात स्पष्ट दिसतो, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि मध्येच कोणाचा 'गुड मॉर्निंग'चा गुलाब येत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर जातो तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी बसून फोनवर वाचून बघा, पडद्यात स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसतं. यंत्र घ्यायचंच असेल तर आधी महिनाभर फोनवर किंवा घरात पडून असलेल्या टॅबलेटवर मोफत अॅपमध्ये वाचा. महिन्यात एकही पुस्तक पुरं झालं नाही, तर सतरा हजारांनीही होणार नाही. आणि यादीतली निम्मीअधिक पुस्तकं किंडलवर नसतील तर किंडल घेऊन करणार काय?

विकिस्रोतावरची किंवा कुलूप नसलेली दुसरी कुठलीही ई-पब फाइल 'सेंड टू किंडल' या सोयीने यंत्रात घालता येते, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. उलट दिशेने वाट अरुंद झाली आहे. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घेण्याची संकेतस्थळावरची सोय अमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. आपण पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना घेतो, हे लक्षात ठेवूनच पैसे मोजा. २००९ साली अमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलचं '१९८४' लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसलं होतं. नेमकं तेच पुस्तक, ज्यात सत्ता नको ते कागद परस्पर नष्ट करते! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ साली ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ अखेर हात झटकले. ग्राहकांना आपली पुस्तकं कोबो या दुसऱ्या ई-पुस्तक दुकानाकडे न्यावी लागली. दहा रुपयांसाठी नव्या, अनोळखी दुकानात खातं उघडण्याआधी हे आठवा. जे पुस्तक नातवंडांपर्यंत पोचावं असं वाटतं ते कागदावर घ्या.

'किंडल अनलिमिटेड'सारख्या मासिक वर्गणीचं गणित सोपं आहे. वर्गणीची रक्कम तुम्ही एरवी घेता त्या ई-पुस्तकाच्या भावाने भागा. उत्तर दोन आलं आणि महिन्याला दोन पुस्तकं होत नसतील, तर वर्गणी नको. यादीतली पुस्तकं त्या वर्गणीत आहेत का तेही बघा. नवी गाजलेली मराठी कादंबरी तिथे असेलच असं नाही. खात्यातून आपोआप पैसे जाण्याआधी २४ तास कळवण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून घातलं आहे. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका, वर्गणी थांबवायची ती तेव्हाच. ज्यांचे डोळे फारच थकतात त्यांनी स्टोरीटेलसारख्या ठिकाणी मराठी पुस्तकं ऐकून बघावीत. आत्याने बघितली. दहा मिनिटांत तिला झोप लागली.

तिच्या यादीचा निकाल सांगते. 'श्यामची आई' आणि कोल्हटकर मोफत मिळाले. 'ग्रामगीता' देवघराच्या फडताळात सापडली, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमातून आणलेली. 'धग' तिने छापील घेतली, कारण वाचून झाल्यावर ती शेजारच्या मैत्रिणीला द्यायची होती. दोन्ही अनुवाद, नवी कादंबरी आणि रहस्यकथा अशी चार ई-पुस्तकं घेतली, चारही एकाच दुकानातून. त्यातलं एक दुसरीकडे पंधरा रुपयांनी स्वस्त होतं, तरीही. ती मुलाच्या जुन्या टॅबलेटवर वाचते, अक्षर इतकं मोठं करून की मला पलीकडच्या खुर्चीवरून वाचता येतं. यंत्र घेतलं नाही.

वऱ्हाडी कथांचे ते दोन संग्रह आम्हाला कुठल्याच दुकानात ई-रूपात मिळाले नाहीत. छापील प्रतीही संपल्या होत्या. अकोल्यातल्या वाचनालयातून ते आणले, आणि आता रोज संध्याकाळी ती भिंग घेऊन वाचते.